मौदा परिसर : पाण्याकडे पाहण्याची बदलती दृष्टी

नागपूर-भंडारा राष्ट्रीय महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा हे तालुक्याचे ठिकाण वसले आहे. येथून पूर्वेकडे जाताना कापसाचा प्रदेश मागे पडतो आणि धानाच्या बांध्या दिसू लागतात. हा देखावा केवळ निसर्गनिर्मित नव्हे. उताराचे पाणी अडवून आणि जमीन सपाट करून तो अनेक पिढ्यांच्या श्रमांतून घडला आहे.

रोवणीनंतर पावसाने ओढ दिली की धानाला तलावाचाच आधार असे. म्हणून पूर्व विदर्भात मालगुजारांनी व कोहळी शेतकऱ्यांनी गावोगावी तलाव बांधले. सिंचन, गुरांचे पिणे, मासे व शिंगाडे अशा अनेक गरजा एकाच पाण्यातून भागत. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव शासनाकडे आले. 'माजी मालगुजारी' या शब्दांवरूनच 'मामा तलाव' हे नाव रूढ झाले. पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे गेले. मालकी बदलली; परंतु पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे ही गावाची कामे मात्र मागे पडली. परिणामी अनेक तलावांची साठवणक्षमता घटली.

त्यानंतर पेंच प्रकल्पाचे कालवे आले व पाणी दूरच्या धरणातून मिळू लागले. त्याच धरणावर नागपूर शहराची तहान आणि कोराडी, खापरखेडा येथील वीजकेंद्रेही अवलंबून आहेत. अवर्षणाच्या वर्षी पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळतो आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी सर्वांत आधी अडचणीत येतो. मौद्याजवळ २३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिल्यापासून येथील भूमीला उद्योगाचेही रूप आले आहे. दुसरीकडे, नागपूरचे सांडपाणी वाहणारी नाग नदी कन्हानला मिळते व ते पाणी पुढे गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते.

एकच पाणी शेतकऱ्याला पीक, शहराला नळ आणि कारखान्याला कच्चा माल वाटते. या दृष्टींचा मेळ घालण्याचे काम गावापासूनच सुरू होऊ शकते. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने लघुपाटबंधारे व जलव्यवस्थापन हे विषय पंचायतींच्या कक्षेत मानले आहेत. २०१७ पासूनच्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे तलावातील गाळ शेतात नेण्याची वाटही खुली झाली. ग्रामपंचायतीने तलावाची हद्द व पाळ तपासावी, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून जुन्या पाटांचा नकाशा करून घ्यावा. तलाव पुन्हा गावाचा झाला, तरच कालवा आटेल त्या वर्षी बांधीत पाणी राहील.