दंतवैद्यकाची वाट

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. दंतवैद्य व्हायचे आहे. अभ्यास कसा असतो? (विद्यार्थिनी, आमगाव, जि. गोंदिया)

उत्तर : प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर मिळतो, ही परीक्षा मराठीतूनही देता येते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय तुला जवळचे आहे. बीडीएस या पदवीची चार वर्षे, मग वर्षभराची इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र यांची पुस्तके जाड, शिवाय मेणातून दात कोरण्याचा सराव. दुसऱ्या वर्षी कृत्रिम दातांवर सराव होतो. तिसऱ्या वर्षापासून रुग्ण समोर येतात आणि ठरलेले काम पूर्ण करावेच लागते. हात सुरुवातीला थरथरतात, सरावाने स्थिरावतात. शिकवणे इंग्रजीत असले तरी रुग्णाशी मराठी-हिंदीतच बोलायचे असते, तिथे तुझी बाजू भक्कम आहे. फीबरोबरच उपकरणांचा आणि वसतिगृहाचा खर्च आधीच विचारून घे; शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टल पाहा.

आपल्या भागात सुपारी-तंबाखूच्या खर्र्यामुळे तोंड उघडेनासे झालेले तरुण रुग्ण तुला भेटतील. तोंड आखडण्याचा हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. तो वेळीच ओळखणारे डॉक्टर गावाजवळ हवेत. म्हणून मन लावून शीक आणि जमल्यास इकडेच परत ये.