सम्यक संकल्प : माझे आयुष्य कशासाठी?



धम्मदीक्षा घेऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या घरांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. देव्हारा उतरला, त्रिसरण-पंचशील पाठ झाले, भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली. आता पुढे काय? तरुण मुलगा विचारतो, मी कोणत्या कामाला वाहून घेऊ? साठीकडे झुकलेली बाई म्हणते, माझे सगळे होऊन गेले, मला आता काय करायचे उरले आहे? अष्टांगिक मार्गातील दुसरे अंग, सम्यक संकल्प, याच प्रश्नाशी निगडित आहे. आजचा पाठ त्याविषयी.

मी पुण्याच्या कसबा पेठेत राहते. या पेठेतल्या जागांची नावे नुसती वाचत जा. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा. तांबट आळीत आजही हातोडीचे ठोके ऐकू येतात. तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करणारी काही घरे तिथे टिकून आहेत. त्यांच्या हातातल्या कसबाविषयी मला आदरच आहे. पण या नावांचा अर्थ लक्षात घ्या. मूल ज्या आळीत जन्मले, तिथेच त्याच्या आयुष्याचे काम ठरून गेले. त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही कोणाला विचारायचे नव्हते.

आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांना तर आळीही मिळाली नाही. ते गावकुसाबाहेर राहिले. महार वतनात वेसकराने रात्रंदिवस हाकेला हजर राहायचे, सरकारी टपाल पोहोचवायचे, मयताची बातमी परगावी न्यायची, मेलेले ढोर ओढायचे आणि त्याबदली दारोदार भाकरी मागायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात या वतनात दुरुस्ती करण्याचे विधेयक आणले. त्यावर झगडा पुष्कळ वर्षे चालला आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे ‘मी कशासाठी जगू?’ हा प्रश्न आपल्या घरात नवा आहे. तो पडतो म्हणून कोणी खंत करू नये. आपल्या आज्याला तो विचारण्याची मुभाच नव्हती.

आता संकल्प या शब्दाकडे वळू. भटजी पळीभर पाणी सोडायला लावून जो संकल्प सांगत, तो डोक्यातून काढून टाका. नवसही वेगळा. नवसात दुसऱ्याने काही करावे अशी मागणी असते, संकल्पात मी काय करणार याचा निश्चय असतो. प्रत्येक माणसाला काही ना काही इच्छा-आकांक्षा असतातच; त्या हीन नसाव्यात, उदात्त असाव्यात, असा सम्यक संकल्पाचा अर्थ बाबासाहेबांनी लावला आहे. जुन्या पाली ग्रंथांत त्याची तीन लक्षणे येतात : हाव सोडण्याचा विचार, द्वेष न धरण्याचा विचार आणि कोणालाही इजा न करण्याचा विचार. आपले उद्दिष्ट या तीन चाळण्यांतून गाळून पाहावे. जयंती मंडळाचे अध्यक्षपद मिळवणे हे पुष्कळांचे उद्दिष्ट असते. ते पहिल्याच चाळणीत अडकते.

पण उद्दिष्ट सापडते कसे? डोळे मिटून बसल्याने की समोरचे दुःख पाहिल्याने? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाची जी हकिगत आहे, ती मुलांना जरूर वाचून दाखवा. शाक्य आणि कोलीय यांचे रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले. युद्धाला सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यापायी घर सोडले. तेव्हा त्याचे वय २९ होते. प्रश्न शेतावरच्या पाण्याचा होता. त्यातून माणूस माणसाशी का भांडतो हा मोठा प्रश्न पुढे आला. पुढे ८० व्या वर्षी, महापरिनिर्वाणाच्या रात्री, सुभद्र नावाचा परिव्राजक शंका विचारायला आला. आनंद त्याला अडवीत होता. तथागतांनी त्याला आत बोलावले, उत्तर दिले आणि तो त्यांचा अखेरचा शिष्य झाला.

वयाची सबब सांगणाऱ्यांना माझ्या पेठेतून थोडे चालत बुधवार पेठेत नेले पाहिजे. तिथल्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. ती जुनी इमारत २०२३ साली पाडली गेली, पण गोष्ट राहिली आहे. तेव्हा जोतीराव २१ वर्षांचे होते आणि सावित्रीबाई १७ वर्षांच्या. अस्पृश्यांची मुले शाळेत आणण्यासाठी जे पुढे झाले, त्यांत लहुजी वस्ताद साळवे होते. त्यांचा जन्म १७९४ चा, म्हणजे पन्नाशी केव्हाच उलटलेली. हयात तालमीत गेलेली, आणि आता ते पोरांना पाटीकडे वळवीत होते. त्याच शाळांत शिकलेल्या मुक्ताबाई या मांग मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो चौदाव्या वर्षी. आणि १८९७ च्या प्लेगात ६६ वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांची सेवा करताना स्वतः त्याच रोगाने गेल्या. काम एकाच धाग्याचे, पण प्रत्येकाला ते निराळ्या वयात भेटले.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट मला त्याहून जवळची वाटते, कारण त्यात कोणी पाठीराखा नव्हता. त्या लहानसे दुकान चालवीत. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा लपून लिहीत. घरच्यांच्या नजरेला पडू नये म्हणून त्या वह्या त्यांनी सुमारे वीस वर्षे दडवून ठेवल्या. ‘जिणं आमुचं’ १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. १९२९ साली जन्मलेली बाई पन्नाशी ओलांडून लेखिका झाली, असे लोक म्हणतात. मी म्हणेन, लेखिका ती आधीच होती.

आता माझ्या घरचे सांगते. माझ्या आईने तीस वर्षे याच पेठेतल्या वाड्यांतून धुणीभांडी केली आणि मला बी. ए., बी. एड. केले. दीक्षा घेतली तेव्हा ती ५९ वर्षांची होती. बावीस प्रतिज्ञा तिने ऐकून ऐकून पाठ केल्या. एका रात्री मी वह्या तपासत असताना ती म्हणाली, “बाई, अख्ख्या पेठेच्या पोरांना शिकवतेस. मला कधी शिकवायचं?” मला उत्तर सुचले नाही. इतकी वर्षे ते माझ्या मनातही आले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पाटी सुरू झाली. अक्षरओळख झाली, पण मोतीबिंदूमुळे तिचे वाचन फार पुढे गेले नाही, हेही सांगायला हवे.

तिचे काम तिला निराळेच सापडले. शेजारची सातवीतली मुलगी धाकट्या भावाला सांभाळायचे म्हणून शाळेतून बसवली होती. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी त्या घरी गेली आणि म्हणाली, “पोरगं माझ्याकडं ठेवत जा. हिला शाळेला धाडा.” पोराचे बाप म्हणाले, मावशी, तुम्हांला या वयात कशाला त्रास? आईने पोराला कडेवर घेतले आणि घरी आणले.

तुमच्या घरी येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक करा. लहान-मोठ्या प्रत्येकाने आपल्या वस्तीत दिसलेले एकच दुःख सांगावे, आणि त्यातले मी आठवड्याला किती तास उचलीन तेवढे तास वहीत लिहावे. आजी-आजोबांना वगळू नका. बहुधा त्यांचेच तास सर्वांत जास्त भरतील.

शेजारची मुलगी आता नववीत आहे. तिचा भाऊ बालवाडीत जाऊ लागला, तेव्हा आईचे दुपारचे घर रिकामे झाले. मागच्या आठवड्यात ती मला विचारत होती, तुझ्या वर्गात कोणाची बहीण वा भाऊ घरी अडकलाय का, बघ जरा.