खिसे तपासू नका, झोपेचं विचारा

कराडजवळच्या एका गावातून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. मुलगा 22 वर्षांचा. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना दोन वर्षं गांजा ओढायचा. आठ महिन्यांपूर्वी शिक्षण अर्धवट टाकून घरी आला, तेव्हापासून ओढणं बंद आहे. पण आता तो खोलीबाहेर पडत नाही. रात्रभर जागा, दिवसा अंथरुणात. चार-चार दिवस आंघोळ नाही. खिडकीच्या काचांना त्याने वर्तमानपत्रं चिकटवली आहेत, कारण समोरच्या गच्चीवरची माणसं त्याच्याविषयी बोलतात म्हणे. आईचा प्रश्न: ‘हा अजून चोरून ओढतो का, हे कसं ओळखायचं?’

ताई, तुमची पहिली तीन पानं खिसे, बॅग, शर्टाचा वास आणि मित्रांचे फोन यांतच गेली आहेत. खिडकीवरची वर्तमानपत्रं चौथ्या पानावर, अर्ध्या ओळीत आली. मला घोर लागला तो त्या अर्ध्या ओळीचा.

गांजा सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, भूक मरते, भलतीसलती स्वप्नं पडतात. हा त्रास पहिल्या आठवड्यात जोरात असतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. आठ महिन्यांनंतर मुलगा असा वागत असेल, तर ‘अजून अंगातून उतरलं नाही’ म्हणून ते सोडून देता येत नाही. यामागे वेगळा आजार असू शकतो. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, असेल, खोल नैराश्य असेल. पत्रावरून निदान करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही.

गांजाचा संबंध नाहीच, असंही नाही. स्वीडनमध्ये सैन्यात भरती झालेल्या 45 हजारांहून अधिक तरुणांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. 1987 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, भरतीपूर्वी 50 हून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट दिसलं. तरीही ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही आणि कधी हात न लावलेल्यांनाही होतो. मुलांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो. हॉस्टेलचं वयही तेच. कित्येक मुलं आतली भीती दाबायलाच ओढू लागतात. तेव्हा ‘तूच ओढवून घेतलंस’ हे वाक्य खरं ठरेलच असं नाही, आणि खरं ठरलं तरी त्याने मुलगा बरा होत नाही.

उलट नुकसान होतं. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वीच दाखवून दिलंय की, ज्या घरात सतत टोमणे असतात किंवा सतत पाळत असते, तिथे परतलेल्या रुग्णाचा आजार जास्त वेळा उलटतो. ताटात किती पोळ्या उरल्या हे दाराच्या फटीतून मोजणं म्हणजे पाळतच, ताई. माया आहे त्यात, मला कळतं. पण लोक आपल्यावर नजर ठेवतात असं ज्याला आधीच वाटतंय, त्याच्या दारालाच तुम्ही डोळा लावता!

मग बोलायचं काय? गच्चीवरच्या माणसांबद्दल वाद घालू नका आणि ‘हो, बोलतात खरी’ असंही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतं म्हणजे तुला झोप कशी लागणार?’ असं म्हणा. ‘तू वेडा आहेस, दवाखान्यात चल’ म्हटलं की कुणीही उठणार नाही. झोपेसाठी बरेच जण उठतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे दाखवता येईल. आधी फोनवर बोलायचं असेल, तर 14416 हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पोलिसांत नाव जाईल, ही तुमच्या यजमानांची भीती. जुन्या व्यसनाची माहिती डॉक्टरला मोकळेपणी सांगा. ती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे.

गोळ्या सुरू झाल्या, तर फरक दिसायला काही आठवडे लागतात. सुस्ती येते, वजन वाढतं, कधी अंग आखडतं. हे डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्यायचा, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ‘आता बरा आहे’ म्हणून तिसऱ्या महिन्यात औषध सोडलेले आणि सहाव्या महिन्यात परत आलेले रुग्ण मी नेहमी पाहतो. गांजा मात्र पुन्हा नको, आणि महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून भांगही नको. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत नुसत्या पानांची भांग गांजात मोडत नाही. मेंदूला ती व्याख्या ठाऊक नसते.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा आत्याबाईंचा सल्ला कृपा करून बाजूला ठेवा. कुणाच्या तरी मुलीला औषध म्हणून घरात आणायचं नसतं.

मरणाची भाषा केली, आवाज काही करायला सांगतात असं म्हणाला, किंवा खाणं-पाणी सोडलं, तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी इस्पितळ गाठा. घरात शेतीची औषधं असतील. तणनाशक, कीटकनाशक आजच शेजाऱ्यांकडे कुलपात ठेवायला द्या.

तो आलाच नाही, तर पहिल्या खेपेला तुम्ही दोघंच जा. वहीत लिहून न्या: झोप कधी बिघडली, आंघोळ कधीपासून टाळतो, वर्तमानपत्रं कधी चिकटवली, तुमच्या किंवा यजमानांच्या घराण्यात असं कुणाला होतं का. ते शेवटचं सासूबाईंना एकांतात विचारा, चारचौघांत त्या सांगणार नाहीत.