बरं वाटू लागलं, म्हणून थांबू नका

समुपदेशन सुरू करणारे पुष्कळजण ते पुरं करत नाहीत. बरेचसे तर पहिल्या दोन-तीन भेटींतच गळतात. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या वाचकांसमोर पहिली अडचण असते ती वेळेची. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात जूनमध्ये पाणी प्यायलाही फुरसत नसते. वस्तीतल्या देहविक्री करणाऱ्या ताईंची रात्र कामात जाते, सकाळ झोपेत. गणपतीत दगडूशेठ गणपती मंदिराच्या आसपास चालणंही मुश्कील. अशांना 'दर मंगळवारी सकाळी अकराला या' हे जमणार कसं? म्हणून पहिल्याच भेटीत आपला दिनक्रम सांगा, दुपारची वेळ मागून घ्या आणि गर्दीच्या आठवड्यात फोनवर बोलता येईल का, तेही विचारा.

दुसरा प्रश्न, किती दिवस यायचं? नैराश्य किंवा चिंतेसाठी सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी) ही पद्धत वापरली, तर साधारण 12 ते 20 भेटी लागतात. मधे कधी जुनं दुखणं वर येतं आणि घरी जाताना जास्तच जड वाटतं. 'नुसत्या गप्पांनी काय होणार?' असं मनात आलं, तर ते समुपदेशकालाच बोलून दाखवा. त्यावरून पद्धत बदलता येते, गरज पडली तर समुपदेशकही.

पत्ता किंवा व्यवसाय सांगताच समोरच्याची नजर बदलली, तर माणूस बदला, उपचार सोडू नका. तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दिला आहे.

समुपदेशनासोबत नैराश्याच्या गोळ्या चालू असतील, तर त्यांचा गुण दिसायला 2 ते 4 आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात. बरं वाटल्यावरही त्या साधारण किमान 6 महिने घ्याव्या लागतात. मनानंच एकदम बंद केल्या, तर चक्कर येते, चिडचिड होते, झोप उडते आणि आजार उलटू शकतो.

घरच्यांनी 'आज काय बोललात?' असं खोदून विचारू नये. 'गुरुवारी जायचंय ना? दुकान मी बघतो,' एवढं म्हटलं तरी पुरे. एखादी भेट चुकली, की संकोचानं पुढचीही चुकते. तेव्हा लगेच फोन करून नवी वेळ घ्या.

अडचण आली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि उपचार थांबवायचेच असतील, तर परस्पर थांबवू नका. एकदा समोर बसून बोला, मगच ठरवा.