भीमथडी जत्रा, चौघांचा गट आणि सहाशे रुपये

इयत्ता : सहावी ते आठवी
विषय : गणित (व्यवहारातील हिशोब), परिसर अभ्यास

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, डिसेंबरात पुण्यात भीमथडी जत्रा भरते. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टचा हा उपक्रम. गावोगावच्या बचत गटांतल्या ताया-मावश्या इथे स्वतः चुली मांडून बसतात. खापरावरचे मांडे, पिठलं-भाकरी, खानदेशी भरीत, हुरडा. मुलांना एरवी पुस्तकात वाचायला मिळणारा महाराष्ट्र इथे ताटात मिळतो. (जाण्याआधी नावाचा अर्थ जरूर सांगा. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. तिथली तट्टं इतिहासात प्रसिद्ध आहेत.)

पण वर्गाला घेऊन जायचं म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. एकाच्या खिशात पाचशेची नोट असते, दुसऱ्याकडे वीस रुपये. आणि एखादी मुलगी आदल्या दिवशीच सांगते, "बाई, माझ्या पोटात दुखतंय, मी नाही येणार." हे पोटदुखणं कशाचं असतं, ते आपल्याला माहीत असतं. म्हणून माझा एकच आग्रह आहे. घरून कोणीही वेगळे पैसे आणायचे नाहीत. प्रवास आणि तिकीट वगळून खाण्यासाठी माणशी दीडशे रुपये ठरवा. ज्यांना जमत नाही त्यांची सोय आपण शिक्षकांनी, पालक संघानं गुपचूप करायची. वर्गात यादी वाचायची नाही. मग चौघांचा गट, सहाशे रुपये, एक वही आणि एक खजिनदार. पालकांनो, "असू दे जवळ" म्हणून दप्तरात शंभराची नोट सरकवू नका हो! त्या एका नोटेनं सगळा पाठ बिघडतो.

आता गणित. दर दरवर्षी बदलतात, म्हणून सरावासाठी फळ्यावर आपले दर धरू : मांडा 150, पिठलं-भाकरी 120, भरीत-भाकरी 100, हुरडा 80, थालीपीठ 60, कोकम सरबत 30, जादा भाकरी 20 रुपये. एकट्यानं दीडशेत काय येतं ते आधी मुलांना काढू द्या. थालीपीठ आणि सरबत घेतलं की नव्वद गेले, उरलेल्या साठात मांड्याचं नावही काढता येत नाही. तेच चौघांनी मिळून मांडा, पिठलं, भरीत आणि हुरडा घेतला तर 450 होतात. चार सरबतं 120, एक जादा भाकरी 20. एकूण 590. प्रत्येकानं पाच चवी घेतल्या! मुलं हे स्वतः शोधतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा.

प्रत्यक्ष गेल्यावर पहिली फेरी फक्त बघण्याची. दर वहीत लिहायचे, खरेदी दुसऱ्या फेरीत. शक्यतो सुट्टीचा वार टाळा आणि सकाळी लवकर जा, म्हणजे मावश्यांना बोलायला सवड असते. पाण्याच्या बाटल्या घरून, नोटा सुट्ट्या. समोर तव्यावरून उतरलेलंच घ्यायचं. कुणाला शेंगदाणे किंवा आणखी काही चालत नसेल तर पालकांनी आधीच कळवावं. गटानं चुकीचं काही निवडलं, तरी आपण मध्ये पडायचं नाही. तिखट लागलं तर लागलं.

एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, पिठलं तर घरी किती स्वस्तात होतं, मग इथे एकशेवीस का?" हा प्रश्न आला की समजा पाठ रंगला. लगेच घासाघीस करायला शिकवू नका. मावशींना वेळ असेल तेव्हा मुलांनाच विचारू द्या : पीठ कुठून आणलं, सरपण किंवा गॅस किती लागतो, हाताखाली किती जणी आहेत, गावाहून सामान कसं आणलं? मग वर्गात एक उदाहरण सोडवा. समजा स्टॉलचं दिवसाचं भाडं 3000 रुपये आहे. 150 थाळ्या खपल्या तर एका थाळीवर भाड्याचे 20 रुपये पडतात. गर्दी कमी झाली आणि 60 च खपल्या, तर 50 रुपये. थाळीचा दर मात्र तोच! मग नुकसान कोणाचं? इथे मुलं गप्प होतात, आणि त्यांना थोडा वेळ गप्प राहू द्यावं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटानं जमा-खर्च मांडायचा आणि एक वाक्य लिहायचं : पुन्हा सहाशे मिळाले तर काय बदलाल? मार्क देऊ नका. शिल्लक राहिलेल्या दहा रुपयांचं काय करायचं तेही गटालाच ठरवू द्या. चौघांत वाटले तर अडीच रुपये येतात, आणि आठ आण्यांचं नाणं हल्ली कोणाकडे असतं? त्यावर चांगला तासभर वाद चालतो.