तालावर धावणारा खेळ

मुलांनो, संगीत गळ्यातून निघते, वाद्यातून निघते, हे तुम्हांला ठाऊक आहे. परंतु धावण्यातून आणि उड्या मारण्यातून संगीत निर्माण व्हावे, अशी योजना एका खेळात केलेली आहे. त्याचे नाव 'बिट ट्रिप रनर'. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सांताक्रूझ नावाचे शहर आहे. तेथील 'गैजिन गेम्स' या लहानशा संस्थेने तो तयार केला. २०१० साली निन्टेंडो कंपनीच्या 'वी' या यंत्रावर तो प्रथम खेळावयास मिळाला.

व्हिडिओ खेळांच्या आरंभीच्या काळात यंत्रांची शक्ती थोडी होती. त्यामुळे चित्रे चौकोनी ठिपक्यांची असत आणि आवाजही साधे असत. २०१० साली अशी काही अडचण उरली नव्हती. तरीही या खेळाच्या कर्त्यांनी ती जुनी धाटणी मुद्दाम स्वीकारली.

खेळाचा नायक कमांडर व्हिडिओ हा एक काळा, सडपातळ प्राणी आहे. तो आपण होऊन डावीकडून उजवीकडे धावत सुटतो; त्याला थांबविता येत नाही. वाटेत दगड येतात, खड्डे येतात, शत्रू येतात. खेळाडूने नेमक्या क्षणी कळ दाबून त्याला उडी मारावयास, घसरावयास किंवा लाथ मारावयास लावावयाचे असते. अडथळा ओलांडला की एक सूर वाजतो. वाटेतील सोने उचलले की आणखी एक सूर त्यात मिसळतो. पुढे काही खुणा वेचल्या की पार्श्वसंगीतही अधिकाधिक भरदार होत जाते. अशा रीतीने बिनचूक धाव म्हणजेच एक पूर्ण गीत होते.

हाच या खेळाचा मोठा गुण होय. एरवी खेळातील संगीत केवळ शोभेसाठी असते. येथे ते वाट दाखविते. काही वेळा प्रयत्न केल्यावर पुढची उडी केव्हा मारावयाची, हे डोळ्यांच्या आधी कानच सांगू लागतात.

परंतु गुणाबरोबर दोषही पाहिला पाहिजे. धावता धावता एकदा ठेच लागली की नायक थेट आरंभाच्या ठिकाणी परत नेला जातो. मधे विसाव्याची जागा नाही. 'ओडिसी' नावाची एक फेरी तर लांबीसाठी आणि अवघडपणासाठी खेळाडूंत प्रसिद्ध आहे. कविता म्हणताना शेवटच्या ओळीत एक शब्द चुकला, म्हणून दर वेळी पहिल्या ओळीपासून सुरुवात करावयास लावली, तर तुम्हांला कसे वाटेल? कविता पाठ होईल खरी. पण काही मुले कंटाळून पुस्तकच मिटतील.

आणखी एक उणीव आहे. सूर कोणते आणि केव्हा वाजावयाचे, हे कर्त्यांनी आधीच ठरविलेले असते. खेळाडूला वादनाचा आनंद मिळतो. नवी रचना करण्याचा मिळत नाही.

यांपैकी पहिला दोष कर्त्यांनी पुढे दूर केला. २०१३ साली आलेल्या दुसऱ्या भागात त्यांनी फेरीच्या मध्यावर एक थांबा ठेवला. त्याला स्पर्श केला की पुढे चूक झाल्यास तेथूनच पुन्हा धावता येते. ज्याला स्वतःची परीक्षा पाहावयाची असेल, त्याने तो थांबा उडी मारून ओलांडावा. त्याला अधिक गुण मिळतात. म्हणजे नवशिक्याची सोय झाली आणि कुशल खेळाडूचे आव्हानही कायम राहिले.

एखादी कृती आवडली, म्हणून तिचे दोष झाकू नयेत. आणि दोष दिसले, म्हणून तिचे गुण नाकारू नयेत. दोन्ही स्पष्टपणे सांगितले, तरच कर्त्याला आपली कृती सुधारता येते.

स्वाध्याय

१. या खेळातील संगीत शोभेपुरते नाही, असे लेखात का म्हटले आहे?
२. दुसऱ्या भागातील थांब्यामुळे कोणाकोणाचा लाभ झाला?
३. तुमच्या आवडत्या खेळाचे दोन गुण व एक दोष कारणांसह लिहा.