आज्ञा पोहोचली, पण काम झाले का?



पाड्याच्या विहिरीवरची मोटर दूरच्या संगणकावरून चालू-बंद करता येते. ती कशी, आणि त्यात चूक कोठे होते, हे या पाठात पाहू.

जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये ब्राउझरसाठी जन्मली. २००९ मध्ये नोड.जेएस आले आणि ब्राउझरबाहेरही तिचा वापर खूप वाढला. यंत्राला निरोप देण्यासाठी तिच्यातून एमक्यूटीटी ही पद्धत वापरता येते. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्लेन निपर यांनी ती १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार केली. म्हणूनच कमजोर नेटवर्कवरही ती उपयोगी पडते.

रचना टपालासारखी आहे. मधला सर्व्हर, म्हणजे ब्रोकर, हे टपाल कार्यालय. आपला प्रोग्राम ‘मोटर/आज्ञा’ या पत्त्यावर ‘चालू’ असा निरोप टाकतो. विहिरीजवळचे इंटरनेटला जोडलेले छोटे यंत्र तो वाचते आणि स्टार्टरला इशारा देते.

आता खरी गोष्ट. निरोप मिळाल्याची पोच आपल्याला ब्रोकर देतो, मोटर नव्हे. पाणी आटले असताना मोटर कोरडी चालत राहिली, तर ती जळते आणि पाड्याचे पाणी बंद होते. म्हणून चार नियम पाळावेत.

१. यंत्राने आपली खरी अवस्था ‘मोटर/स्थिती’ या पत्त्यावर कळवावी. ती आल्याशिवाय प्रोग्रामने ‘झाले’ म्हणू नये.

२. ‘असेल ते उलट कर’ अशी आज्ञा देऊ नये. एकच निरोप कधी दोनदा पोहोचतो. ‘चालू’ दोनदा आले तरी बिघडत नाही, ‘उलट कर’ दोनदा आले तर बिघडते.

३. आज्ञा ब्रोकरकडे साठवून ठेवू नये. नाहीतर वीज जाऊन आल्यावर जुनी ‘चालू’ पुन्हा हाती पडते आणि मोटर आपोआप सुरू होते.

४. नेटवर्क तुटले तरी ठरल्या वेळी मोटर बंद करण्याची सोय यंत्रातच असावी.

विचारासाठी प्रश्न: आपल्या परिसरात दुरून चालणारे एखादे यंत्र आहे का? नेटवर्क गेले, तर ते बंद कोण करील?

पहिली आज्ञा देताना मात्र कोणीतरी विहिरीपाशी उभे असावे.